बिननावाची मूठ

जळगावच्या एका पाइपच्या कारखान्यात मी तपासणीच्या खात्यात काम करते. पाइपात पाणी भरायचं, दाब वाढवत न्यायचा, कुठे फुटतो ते बघायचं. फुटला की कारण लिहायचं. माल खराब, साचा जास्त तापलेला, मिश्रण कमी-जास्त, काहीतरी लिहावंच लागतं. 'कारण कळले नाही' असं लिहिलं तर आमचे साहेब कागद तसाच परत पाठवतात.

म्हणून लग्नानंतर काही वर्षांनी, दोघांच्या होत्या नव्हत्या तेवढ्या तपासण्या झाल्यावर, स्त्रीरोगाचे डॉक्टर म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे, मूल न होण्याचं कारण काही दिसत नाही," तेव्हा मला रडू आलं नाही. राग आला. फी घेऊन असा कागद कसा देता येतो?

घरी आल्यावर सासूने विचारलं. ती गावाकडची, खान्देशीच बोलते. मी सांगितलं, सगळं नॉर्मल.

"नॉर्मल शे ते पोर का नही मंग?"

पाच वर्षांत तिने मला विचारलेला हा सगळ्यात शहाणा प्रश्न होता. उत्तर कोणाकडेच नव्हतं. पण उत्तर नाही म्हणून कोणी गप्प बसलं नाही. कारण सापडत नसेल तर ते बाईतच असणार, हे घरात न बोलता ठरलं. नवरा सुटल्यासारखा म्हणाला, "माझा रिपोर्ट तर नॉर्मल आहे." मी म्हटलं, "माझाही नॉर्मलच आहे." तो म्हणाला, "हो, पण माझा नॉर्मल आहे ना."

मग सुरू झाली औषधं. जावेने सांगितलेल्या एका वैद्यांनी नाडीवर बोट ठेवलं न ठेवलं तोच सांगितलं, अंगात उष्णता फार आहे. तीळ बंद, गूळ बंद, वांगं तर नावालाही नको. हिवाळा तोंडावर आलेला, शेताशेतात भरताची वांगी भाजायला लागलेली, आणि मी ताटात दुधीभोपळा घेऊन बसलेली. नणंदेच्या ओळखीतल्या दुसऱ्यांनी सांगितलं, उष्णता कुठली, गर्भाशय थंड पडलंय. तीळ खा, गूळ खा, सुंठ खा. मी विचारलं, कशावरून? ते हसले. "ताई, शिकलेल्या दिसता." आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडिलांनी धुळ्याच्या बाजारात पोती वाहून मला बीएस्सी केलं. शिकलेली दिसते हे ऐकून माझी मान ताठ व्हायची. आता तोच शब्द लोक माझं तोंड बंद करायला वापरत होते.

शेवटी माझ्या आईने धुळ्याच्या एका वैद्य मॅडमचं नाव काढलं. पुण्याकडच्या, सरळ बोलणाऱ्या. त्यांनी आधी नाडी पाहिलीच नाही. झोप किती, भूक कशी, पाळी कशी, जेवायच्या वेळा कुठल्या, घरात राग कोणावर निघतो, असं सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "मूल होईल असं वचन मी देत नाही. कोणी देत असेल तर तिथून उठून या. तुमचं पचन, झोप, पाळी नीट करायचा प्रयत्न करीन. तुमच्या डॉक्टरांकडे जाणंही सोडू नका, वय थांबत नाही."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी, जे माहीत नाही ते माहीत नाही, असं मला सांगत होतं.

त्यांनी मला पेरणीसारखं समजावलं. वेळ, जमीन, पाणी आणि बी, चारही लागतात. एकट्या जमिनीची कितीही मशागत केली तरी भागत नाही. "म्हणून औषध दोघांना. त्यांना घेऊन या. तंबाखू सोडायला सांगा." नवरा माझ्याबरोबर धुळ्याला आलाच होता. बाहेर रिक्षा स्टँडवर उभा राहून पुडी तोंडात सोडत होता. मी बोलवायला गेले तर म्हणाला, "मी काय करू आत येऊन? बायकांचा दवाखाना तो."

त्याच्या नावाचं चूर्ण मी घेतलं. जळगावला येऊन कपाटात ठेवलं. सील न फोडता ते तिथेच राहिलं.

पावसाळ्यात मॅडमनी बस्ती द्यायची ठरवली. बस्ती म्हणजे एक दिवस औषधी तेल, दुसऱ्या दिवशी काढा, असं आलटून पालटून गुदमार्गाने आत देतात. हे लिहायला मला लाज वाटत नाही. लाज वाटली ती कारखान्यात रजा मागताना, कारण काय लिहू म्हणून. आठवडाभर माहेरी राहिले. रोज सकाळी दवाखान्यात डाव्या कुशीवर वळून भिंतीकडे बघत पडायचं. कोमट तेलाचा वास नाकात, आणि मनात एकच गोष्ट: मी इथे अशी पडलेय आणि तो तिकडे टपरीवर उभा असेल. घरी आई मुगाचं कढण करून ठेवायची. वाटी पुढे करताना पुटपुटायची, "बठ्ठं तूच कर माय. त्यासले काय, ते आंबा खातस." बठ्ठं म्हणजे सगळं, आणि आंबा म्हणजे आयतं फळ.

निघताना मॅडमनी बजावलं, अजून पंधरा दिवस हेच पथ्य. जड नको, तळलेलं नको, हरभऱ्याची डाळ तर मुळीच नको, नाहीतर सगळी मेहनत वाया. मी हो म्हटलं. तारखा ठरवताना मी फक्त पाळी बघितली होती, त्यांनी फक्त बस्तीचे दिवस. मॅडम पुण्याकडच्या, त्यांना ठाऊक नसणारच. पण मी खान्देशातली, मलाही सुचलं नाही की त्याच पंधरवड्यात कानबाई देवीचा सण येतो.

कानबाई आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. तिच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य काढतात, गहू आणि हरभऱ्याची डाळ. तेच दळायचं, त्याच्याच पुरणपोळ्या. तो रोट घराण्याबाहेर जात नाही. सासरी गेलेल्या लेकीलाही देत नाहीत. घरच्यांनीच संपवायचा.

शनिवारी सासू परातीपुढे बसली. एकेक नाव घेत मूठ टाकत गेली. चुलत सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते. सासरे. दीर. माझा नवरा. जावेचा मुलगा, तो चार वर्षांचा. नावं संपली. मग तिने आणखी एक मूठ घेतली, कपाळाला लावली आणि नाव न घेता परातीत सोडली. लग्न झाल्यापासून दरवर्षी ती हे करते. ती मूठ पडली की सगळ्या खोलीची नजर माझ्या पोटावर येते.

रविवारी पंगत बसली. माझ्या ताटात पोळी पडली, वर तुपाची धार. मी हळूच म्हटलं, "आई, मला चालणार नाही. बस्तीचं पथ्य आहे. मी मुगाचं कढण घेते."

"वं माय, देवीना रोट शे. एक घास खाई ले. त्यानाघाई काय व्हस?"

नाना पलीकडच्या पाटावरून म्हणाले, "शिकेल बाई शे ती. तिना देव बी डॉक्टरले इचारीसन जेवस!"

सगळे हसले. नवराही. वर मला म्हणाला, "खा ना थोडंसं. लोकांसमोर कशाला?"

तेलाच्या वासात भिंतीकडे बघत पडलेला तो अख्खा आठवडा माझ्या डोळ्यांसमोर आला. म्हटलं, "आई, एक विचारू? या रोटात माझ्या नावाची मूठ आहे का?"

"बायासनी कधी ऱ्हास का?"

"मग मी नाही खाल्लं तर माझं असं काय उरणार आहे? ज्यांच्या नावाच्या मुठी आहेत त्यांनी संपवावा."

जावेने पदर तोंडावर धरला. नाना पुरण चिवडायला लागले. मी तिथेच थांबले असते तर निभावलं असतं. पण माझं तोंड सुरू झालं की थांबत नाही.

"आणि ती शेवटची, बिननावाची? ती कोणाची?"

सासू अगदी हळू म्हणाली, "येनारानी."

"मग ती येणाऱ्याच्या बापाने खावी. आईचं औषध चालू आहे. बापाचं काहीच चालू नाही, पुडी सोडून."

नवऱ्याच्या हातातला घास हातातच राहिला. सासऱ्यांनी खाकरून पाणी मागितलं. मी माझं ताट उचललं, त्याच्या ताटाशेजारी ठेवलं आणि आत गेले. देवीसमोर भांडले म्हणून आतूनच तिला हात जोडले. मी काही देव न मानणारी नाही.

थोड्या वेळाने सासू आत आली. आता ऐकावं लागणार म्हणून मी तयारच होते. तिने कढणाच्या पातेल्यावरचं झाकण उचलून बघितलं. "थंड व्हई गयं. गरम करी देऊ का?"

मी मान हलवली. गॅस पेटवता पेटवता ती माझ्याकडे पाठ करूनच बोलली, "मना नावनी बी मूठ कधी पडनी नही. तरी रोट खास मी. चाळीस वरीस व्हयनात."

तिचं मन पालटलं वगैरे मी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी विसर्जनाहून येताना ती शेजारणीला सांगतच होती, सुनेने देवीचा रोट टाकला म्हणून. पण कढण तिने नीट गरम केलं, वर जिरं घातलं आणि मी संपवेपर्यंत दारात उभी राहिली. कोणाला आत येऊ दिलं नाही.

चौथ्या दिवशी मी नवऱ्याला सांगून टाकलं: पुढच्या वेळी तुम्ही दवाखान्याच्या आत आलात तरच मी येईन. नाहीतर माझी मशागत बंद. तुमच्या आईला काय सांगायचं ते तुम्ही सांगा. तो म्हणाला, धमकी देतेस का? मी म्हटलं, हो.

पुढच्या महिन्यात आम्ही धुळ्याच्या बसला बसलो. पारोळ्यापर्यंत त्याने खिडकीबाहेर बघितलं, पारोळ्यानंतर झोपेचं सोंग घेतलं. पण धुळ्याला उतरल्यावर टपरीकडे न वळता माझ्यामागून पायऱ्या चढला आणि दवाखान्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. बाकीच्या बायका त्याच्याकडे बघत होत्या. तो कॅलेंडरकडे बघत होता.

मॅडमनी त्यालाही तेच प्रश्न विचारले.

"झोप कशी आहे?"

"नॉर्मल."

"भूक?"

"नॉर्मल."

"पोट साफ होतं?"

"नॉर्मल."

"व्यसन?"

"तसं काही नाही. नॉर्मल."

मॅडम टेबलावर पुढे वाकल्या. "जीभ दाखवा."

तो माझ्याकडे बघायला लागला. इतक्या वर्षांत किती जणांनी माझी जीभ पाहिली, नाडी पाहिली, आणखी काय काय पाहिलं, तेव्हा मी कोणाकडे बघितलं होतं? मी कॅलेंडरकडे बघितलं.

"काढा बाहेर," मॅडम म्हणाल्या. "अजून. पूर्ण."

त्याने जीभ बाहेर काढली. काथाने रंगलेली, मधे चिरा पडलेली. मॅडमनी बॅटरी लावली, खूप वेळ नीट बघितली आणि लिहायला लागल्या. त्या काय लिहितात ते वाचायला तो जीभ बाहेर ठेवूनच पुढे वाकला.

मूल अजून झालेलं नाही. कपाटातल्या त्या चूर्णाचं सील मात्र त्या आठवड्यात फुटलं. कडू लागतं म्हणतो. मी म्हटलं, हो, लागतं.