आमच्यात एकोणीस कोण?

मुरबाडकर मंडळी, आज ऑफिसात माझा नुसता जळफळाट झाला. आपल्या या कम्युनिटीवर नाय लिहायचं, तर कुठे लिहू?

माझा प्रोग्राम तपासणारी एक टेस्ट सकाळपासून लाल, म्हणजे नापास येत होती. ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ यायला हवी होती. पण कॉम्प्युटरला असले दशांश अगदी अचूक साठवता येत नाहीत, म्हणून उत्तर केसभर जास्त येत होतं. आणि मी तंतोतंत ०.३ मागत, नसलेली चूक शोधत बसलो होतो.

शेजारी आपल्याच मुरबाडचा नितीन बसतो. तो म्हणाला, "अरे, म्हसाच्या जत्रेत जोडीला दोन बैल डिट्टो सारखे कधी गावतात काय? एकोणीस-वीस चालवून घ्यायचं रे."

त्याने टेस्टमध्ये किती फरक चालेल तो आकडा लिहिला, त्याला 'एकोणीस-वीस' असं नाव दिलं आणि टेस्ट हिरवी झाली. आमच्या टीमच्या मॅडम इतक्या खूश, की हेच नाव सगळ्यांनी वापरा म्हणाल्या.

अरे, त्या जत्रेत बाबांबरोबर बैल बघायला दरवर्षी मी जायचो! नितीन जायचा तो पाळण्यात बसायला. मग हे मला का नाय सुचलं?

निघताना मॅडम हसून म्हणाल्या, "तुम्ही दोघे मुरबाडकर म्हणजे एकोणीस-वीसच!"

सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगा मंडळी, त्यांनी एकोणीस कोणाला म्हटलं?