अकरा दिवसांची अमेरिका

आमच्या वाडीत अमेरिका बघून आलेला माणूस एकच होता आणि त्याने ती फक्त अकरा दिवस बघितली होती. पण त्या अकरा दिवसांवर गंगारामने पाच वर्षं वाडीची करमणूक केली, आणि खरं सांगायचं तर माझीही.

मी तेव्हा बुरोंडीच्या खालच्या अंगाला, समुद्रालगतच्या कोळीवाडीत मास्तर होतो. मूळचा समुद्रापासून लांबच्या सावर्ड्याचा. मासळीच्या वासाने पहिले सहा महिने नाकाला उपरणं लावून शिकवलं, मग नाक सरावलं. टपालाने तीन दिवस शिळं वर्तमानपत्र यायचं, ते संध्याकाळी देवळाच्या पायरीवर मोठ्याने वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. मला त्याचा फार अभिमान. सगळी वाडी तोंड उघडून ऐकते आहे आणि मध्ये मी! पण मी पहिलं पान उलटायच्या आत गंगाराम म्हणायचा, "मास्तर, जरा थांबा. अमेरिकेत काय झालं सांगतो." की माझं वर्तमानपत्र गेलं केराच्या टोपलीत. मला असा संताप यायचा! पण पाय तिथून हलायचे नाहीत.

गंगाराम बोटीवर आगवाला होता, म्हणजे भट्टीत कोळसा लोटणारा. अठ्ठावीस सालच्या पावसाळ्यानंतर त्याच्या बोटीचं यंत्र बिघडलं आणि ती न्यूयॉर्कच्या धक्क्याला अकरा दिवस अडकून पडली. तिथे तेव्हा निवडणुकीची धामधूम होती. सरकारने दारू बंद केलेली, आणि ती बंदच ठेवावी की उठवावी यावर सगळा देश हमरीतुमरीवर आलेला.

"टोप्यांचं दुकान!" गंगाराम ताडकन उभा राहून सांगायचा. "पुढं टोप्या, मागं दार. दारावर तीन टकटक केली की आत दारूचा समुद्र! आणि बसलंय कोण? पोलीस! दारूबंदीवर भाषण ठोकणारा साहेब पुढच्या दारानं टोपी घ्यायला येतो आणि मागच्या दारानं डुलत जातो. कायदा पाळायचा तो रस्त्यावर, मोडायचा तो मागच्या खोलीत. आणि रविवारी सगळे प्रार्थनेला हजर! असला कायदा टिकायचा नाय!"

"तू कसा रे आत गेलास मेल्या?" असं त्याची थोरली बहीण ठमाबाई विचारायची.

"बघायला गेलो, बाय!"

"तीन टकटक करून?"

वाडी हसून लोळायची. ठमाबाई मात्र हसत नसे. ती मासळी सुकवणाऱ्या बायकांची म्होरकी. नवऱ्याला वादळाने नेलं तेव्हापासून देवाचा एकही सोमवार तिने चुकवला नव्हता. गंगारामच्या प्रत्येक मताला तिच्याकडे टोला तयार असे. तिथल्या खानावळीने रंग बघून आपल्याला बाहेर काढलं आणि वर तिथेच भिंतीवर सगळी माणसं सारखी असं लिहिलं होतं, हे तो एकदा तावातावाने सांगत होता. ठमाबाई शांतपणे म्हणाली, "आपल्या देवळात कोण कुठल्या पायरीपर्यंत येतो, ता कधी मोजलंस काय?" गंगाराम उठून घरी गेला. मीही वर्तमानपत्राची घडी घातली.

पण त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट खांबावरच्या माणसाची. एका उंच इमारतीच्या टोकाला झेंड्याचा खांब, आणि त्या खांबावर एक माणूस दिवसच्या दिवस बसलेला. खाणंपिणं दोरीने वर. का? तर किती दिवस बसतो ते बघायला! खाली हजार माणसं माना वर करून उभी. गंगारामही उभा राहिला. शेवटी मान दुखली म्हणून वळला, तर मागच्या घरातून एका बाईचं सामान पोलीस रस्त्यावर काढत होते. खाट, शेगडी, पोराचा पाळणा. भाडं थकलं होतं म्हणे. ती बाई ओरडत होती आणि हजार माणसांतलं एकही वळलं नाही.

"दुसऱ्या दिवशी आमच्या सारंगाकडून, खलाशांच्या मुकादमाकडून, पेपर वाचून घेतला," गंगाराम सांगायचा. "खांबावरच्याचा फोटो एवढा मोठा! आणि बाईचं नाव? कुठंच नाय. तवापासून माझं एक मत पक्कं झालंय, मास्तर. सगळी दुनिया जिकडं बघतेय, तिकडं पाठ करून उभं ऱ्हावं."

हे मत त्याने मला शंभर वेळा ऐकवलं असेल. शंभर वेळा मी मान डोलावली, आणि पुन्हा पहिलं पान वाचायला घेतलं.

एकतीस सालच्या माघात वरच्या गावच्या खोताचा कारकून हरिश्चंद्र वाडीत आला. पांढरंशुभ्र धोतर, तोंडात साखर. गंगारामची कीर्ती खोतांच्या कानावर गेली आहे म्हणाला. येत्या सोमवारी दुपारी देवळात गंगारामचं अमेरिकेवर जाहीर भाषण ठेवू. खुर्ची, हार, पेढे, सगळा खर्च खोतांचा. अध्यक्ष कोण? तर आपले मास्तर! मी किती फुगलो म्हणून सांगू! जाहिरात मीच लिहिली, मोठ्या वळणदार अक्षरात, आणि मीच ती दारोदार चिकटवत फिरलो.

हरिश्चंद्राने जाता जाता एवढंच सुचवलं की देवळात सभा आहे, बाहेरचीही माणसं येतील, तेव्हा गावाने देवाचा दिवस पाळावा. होडी लोटू नये आणि मासळीचं वाळवण मांडू नये. वाळवणाची जागा देवळासमोरच, किनाऱ्यावर. तिथे शेणाने सारवलेल्या खळ्यांवर बायका जवळा आणि बांगडा सुकवायच्या. त्याचा वास देवळात येतो हे काही खोटं नव्हतं.

गावकर भागोजी हा वाडीचा मुख्य. नियमाला पक्का. त्याने रीतीप्रमाणे देवाला कौल लावला. मूर्तीला कळ्या चिकटवल्या आणि भाषण व्हावं का, दिवस पाळावा का, म्हणून विचारलं. उजवी कळी पडली. देवाचा होकार! सगळी वाडी खूश. देवाला भाषणाचं विचारलं, वाळवणाचं विचारलं, पण खोताला एवढा उमाळा का आला हे विचारायचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही.

सोमवारी देऊळ माणसांनी फुललं होतं. बायकांनी सकाळीच मासळी टोपल्यांत भरून घरात झाकून ठेवली होती, खळी स्वच्छ झाडली होती आणि ठेवणीतली लुगडी नेसून त्या आल्या होत्या. हरिश्चंद्र म्हणाला, मागच्यांना दिसणार नाही, खुर्ची टेबलावर चढवा. चढवली. त्यावर हार घातलेला गंगाराम चढवला. अध्यक्ष म्हणून मी दोन शब्द बोलायला उठलो होतो. पाव तास बोललो. शेवटी लोकच ओरडले, "मास्तर, बसा! खांबावरचा माणूस होऊं दे!"

गंगाराम रंगात आला. काय बोलला त्या दिवशी! टोप्यांचं दुकान झालं, पिपाण्या वाजवत मतं मागणारे झाले, आणि मग तो खांबाकडे आला. हात वर करून म्हणाला, "असा तो वर बसलेला! आणि हजार माणसं, अशी माना वर करून..."

तो थांबला. समोर दीडदोनशे माणसं माना वर करून त्याच्याकडे बघत होती.

आमच्या सगळ्यांच्या पाठी दाराकडे होत्या. दाराबाहेरचा किनारा दिसत होता फक्त त्याला, तोही खुर्ची टेबलावर होती म्हणून.

"मागं बघा!" तो ओरडला. "मेल्यांनो, मागं बघा!"

टाळ्यांचा कडकडाट! आम्हांला वाटलं गोष्टच चालली आहे. मी अध्यक्षाच्या ऐटीत सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. गंगारामने हार तोडून फेकला आणि टेबलावरून थेट उडी मारली. टेबल आडवं, खुर्ची माझ्या अंगावर, आणि हा माणसं तुडवत दाराकडे! "मोजणी! आपल्या खळ्यांवर मोजणीवाले आलेत!"

तेव्हा कुठे आम्ही वळलो. झाडून लखलखीत केलेल्या रिकाम्या किनाऱ्यावर दोन माणसं साखळी ओढत होती. टोपीवाला एक साहेब कागदावर लिहीत होता. आणि त्याच्या शेजारी, देवळातून कधी सटकला देव जाणे, पण हात जोडून हरिश्चंद्र उभा होता.

मी जन्मात तसा पळालो नाही. धोतराचा सोगा तोंडात धरून पळालो! आम्ही पोचलो तेव्हा हरिश्चंद्र सांगत होता, "बघा साहेब, पडीक जागा आहे. कोणाची वहिवाट नाही. खोतांच्या नावे लागायला काही अडचण नाही."

"आमची खळी हायत ती!" बायका ओरडल्या.

"मग मासळी कुठे आहे?" साहेबाने विचारलं. माणूस वाईट नव्हता. जे दिसेल ते लिहायचं, हे त्याचं काम. "मी आज जे पाहीन तेच लिहिणार."

मासळी घरात होती, झाकलेली. बायका धावायला वळल्या, तोच भागोजीने दोन्ही हात पसरले. "थांबा! देवाचा दिवस हाय! आज वाळवण मांडायचं नाय. कौल घेतलाय. उद्या होड्या समुद्रात जायच्यात, कुणाचं काय झालं तं?"

सगळ्या जागच्या जागी थिजल्या. समुद्रावर पोट असणाऱ्याला ही भीती काय असते ते मी सावर्ड्याचा माणूस काय सांगणार! खळी गेली तर वर्षाचं पोट गेलं, आणि दिवस मोडला तर घरचा माणूस जाईल ही धास्ती. गंगाराम एवढा मतांचा माणूस, पण त्या घडीला त्याच्याकडे एक मत नव्हतं.

ठमाबाई कधी निघून गेली कोणी पाहिलं नाही. आली ती डोक्यावर टोपली घेऊन, ठेवणीतल्या लुगड्यावर पाणी ठिबकत. भागोजीच्या पसरलेल्या हाताखालून ती वाकून पुढे गेली, खळ्यावर उभी राहिली, देवळाकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाली, "देवा, दिवस मी मोडत्ये. दुसऱ्या कुणी नाय. बघून ठेव." आणि तिने सगळा जवळा खळ्यावर ओतला.

मग काय! बायका अशा सुटल्या की बास. टोपल्यांवर टोपल्या! साहेबाच्या बुटांवर बांगडे पडले, साखळी सुकटीत बुडाली. मी, अध्यक्ष, दोन टोपल्या स्वतः डोक्यावरून आणल्या. माझ्या कोटाला तो वास पुढे चार वर्षं होता, आणि मला तो कधी खुपला नाही.

"साहेब, हे नाटक आहे!" हरिश्चंद्र किंचाळला. "आत्ता मांडलं यांनी!"

"आत्ता मांडलं? मंग ह्या बघ!" ठमाबाईने कोयती घेतली आणि खळ्याच्या काठाचा एक तुकडा फोडून साहेबाच्या हातात दिला. शेणाचे थरावर थर, आणि प्रत्येक थरात चमकणारे मासळीचे खवले. "वरचा थर माझा. खालचा सासूचा. त्याखालचा तिच्या सासूचा. ह्या पण आजच मांडलं काय?"

साहेबाने तुकडा उन्हात धरून बराच वेळ पाहिला. मग नाकाला रुमाल लावला आणि लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं आणि ओरडून सगळ्यांना सांगितलं: मासळी सुकवण्याची जुनी वहिवाट! किनारा आरोळ्यांनी दणाणला. हरिश्चंद्र कुठल्या वाटेने गेला ते मात्र या वेळी सगळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी गावकी बसली. भागोजी मान खाली घालून म्हणाला, खळी वाचली हे खरं, पण दिवस मोडला हेही खरं. दंड एक नारळ, देवासमोर. गंगाराम उठला. "दंड माझा. खुर्चीवर मी चढलो. खांबावर बसलो मी, आणि मलाच कळलं नाय."

मीही उठलो. जाहिरात माझी होती.

"बसा दोघं," ठमाबाई म्हणाली. "दिवस मी मोडला, सगळ्यांसमोर मोडला. नारळ माझा." तिने पदराखालून नारळ काढला. घरून निघतानाच घेऊन आली होती.

मग गंगाराम अगदी हळू मला म्हणाला, "मास्तर, अकरा दिवसांत मला अमेरिकेत असं माणूस दिसलं नाय."

त्यानंतर त्याने गोष्टी सांगणं सोडलं नाही, तो तसला नव्हे. पण नियम केला. तो बोलत असताना किंवा मी वर्तमानपत्र वाचत असताना एकाने आमच्याकडे पाठ करून किनाऱ्याकडे बघत बसायचं. ते काम ठमाबाईनेच घेतलं. मला आधी राग यायचा. आपण जीव तोडून वाचतो आहोत आणि ही पाठ करून जाळं विणते! मग सवय झाली.

तेहतीस साल संपताना बातमी आली, पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात: अमेरिकेने दारूबंदी उठवली. मी धावतच देवळात गेलो. "गंगाराम! तुझंच खरं झालं!" सगळी वाडी उसळली. आता तो टेबल मागणार असं मला वाटलं.

गंगारामचे डोळे चमकले. तोंड उघडलं. मग त्याने बहिणीच्या पाठीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"मास्तर," तो म्हणाला, "आधी शेवटचं पान वाचा."

मी वाचलं. केसांच्या तेलाची जाहिरात होती, एक हरवलेली म्हैस होती, आणि तालुक्यातल्या जमिनींच्या मोजणीच्या चार नोटिसा होत्या. त्या चारही मी शब्दन् शब्द वाचल्या.

"आपली वाडी नाय त्यात?" ठमाबाईने न वळता विचारलं.

"नाही, बाई."

"मंग सांग रे गंग्या," ती म्हणाली, "त्या टोप्यांच्या दुकानाचं आता काय होणार?" आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच ती आमच्याकडे तोंड करून बसली.