आप्पांना जमेल असा ईसीयू

आमच्या वहिनीला भिंगारमधली पोरं ‘लॅपटॉपवाली’ म्हणतात. खरं नाव प्रज्ञा. पाथर्डी रोडला आमचं गॅरेज आहे. तिथं आप्पा, म्हणजे माझे वडील, इंजिन खोलतात, बसवतात. पण हौशी पोरांनी जुन्या गाडीला जोर वाढवायला टर्बो बसवायला सांगितला, की गाडीतला कंपनीचा कॉम्प्युटर गोंधळतो. मग त्याच्या जागी बाहेरचा घालावा लागतो. ईसीयू म्हणतात त्याला. पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे तो ठरवतो, पण आधी त्याला ते शिकवावं लागतं.

शिकवायचं काम माझा भाऊ संदीप करायचा. तो गाडी चालवायचा आणि शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन वहिनी. मागच्या साली नेवाशाच्या रस्त्यावर अपघातात तो गेला. थोड्या दिवसांनी एक गिऱ्हाईक दारात येऊन घुटमळलं. “न्हाई म्हंजे, आता कसं करायचं... गाडी दुसरीकडं न्यावी म्हनतो,” असं ते आपल्याच चपलेला सांगत होतं. वहिनी आतून आली, लॅपटॉप मांडीवर घेऊन गाडीत बसली आणि म्हणाली, “चालवा तुम्ही. मी बघते.” तेव्हापासून तीच बघते.

वहिनीसाठी राहुरीचं स्थळ आणलं ते आप्पांनी. माणूस विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला, बायको आजारात गेलेली, वागायला सरळ. आईच्या मनात आधी नव्हतं. आप्पा तिला म्हणाले, “विमल, पोरगी तिशीची न्हाई अजून. आपल्या दुःखाला राखन बसवायची का तिला?” त्यावर आईनं डोळे पुसले आणि तीही त्यांच्या बाजूची झाली.

वहिनीला विचारलं तेव्हा ती ब्रशनं प्लग घासत होती. मान वर न करता म्हणाली, “गॅरेजचं कोण बघणार, आप्पा?”

तिला जायचंच नव्हतं. मला तिनं सांगितलं होतं, “मला हेच घर पाहिजे गं, माधुरी.” मी म्हटलं, मग तसं सांग की त्यांना. तर म्हणे, “ते इतक्या मायेनं बोलतात. मी नाही म्हटलं, तर त्यांना वाटेल, पोरगी आमच्यापायी अडकली. आधीच अर्धे झालेत ते. आणि तूपण बोलायचं नाहीस.” म्हणून तिनं गॅरेज पुढं केलं.

पण आप्पांचा स्वभाव असा, की गाडी ओढत नाही म्हटलं, तर ते मालकाच्या मनात काय आहे ते विचारत नाहीत. बॉनेट उघडतात. दुसऱ्या दिवशी चहाची बशी खाली ठेवून त्यांनी जाहीर केलं, “मला जमंल असा ईसीयू बघ एखादा. आपला जुना लई किचकट हाय. आकड्यांची नुसती गोधडी.”

मग पुण्याच्या विक्रेत्याला फोन झाला, स्पीकरवर. त्याच्या तोंडात जणू वेलदोडा होता. “मॅम, आमची सिस्टीम इतकी युझर-फ्रेंडली आहे ना मॅम, लहान मूलसुद्धा करेल मॅम.”

आप्पा मध्येच म्हणाले, “ल्हान पोरं हुशार असत्यात ओ. साठीच्या मानसाचं सांगा.”

“सर, साठीचे म्हणजे... मराठी नाहीये त्यात, पण चित्रं आहेत सर.”

“चित्रं चालतील.”

मी ते दोघांच्या आवाजात करून दाखवलं, तर आईसुद्धा हसली. किती दिवसांनी हसली असेल.

शेवटी दोन उरले. एक संदीपदादा वापरायचा तसला. ताकदीचा, हवं ते बदलता येणारा, पण आकड्यांचे रिकामे तक्ते आपणच भरायचे. दुसरा मोबाईलवर चालणारा. तो इंजिन केवढं, कसलं, हे विचारून सुरुवातीचे आकडे स्वतःच भरून देतो. गाडी पळायला लागली, की सायलेन्सरचा धूर हुंगून पेट्रोल कमी-जास्त करतो, आणि काही बिघडतंय असं वाटलं, तर इंजिनाला जोर लावू देत नाही.

वहिनीनं पहिला घ्या म्हटलं असतं, तर आप्पांनी तोच घेतला असता. त्यात तिचाच शब्द शेवटचा. मी तिला हळूच म्हटलं, “अवघडच घे की. सगळे प्रश्न सुटतील.”

“हो,” ती म्हणाली. मोबाईलची काच ओढणीनं पुसत बसली. “पण मी एखाद्या दिवशी तापानं झोपले, तर? गिऱ्हाइकासमोर आप्पा माझ्या तोंडाकडं बघत उभे राहणार. ते नाही बघवणार मला.”

तिनं दुसरा मागवला.

आप्पा शिकायला लागले. चष्मा नाकावर, मोबाईल हातभर लांब. “ह्यो इचारतोय, आर यू शुअर. मी कधी हुतो शुअर? तुझ्या सासूला इचार.” वहिनी म्हणायची, “येस दाबा, आप्पा.” वायरी तिनं त्यांनाच जोडू दिल्या. चुकले तर फक्त खाकरायची. ते थांबायचे, बघायचे आणि वायर बदलायचे.

पहिली गाडी मिरजगावच्या कानिफनाथची, जुनी एस्टीम. सगळी आप्पांनी एकट्यानं लावली आणि चांदबिबीच्या घाटात काढली. वहिनी शेजारच्या सीटवर बसली होती. मांडीवर काही नव्हतं, त्यामुळं हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना. मी मागं होते. चढावर आप्पांनी पाय दाबला. पेट्रोल किंवा ठिणगी चुकली, की डब्यात खडे हलवल्यासारखं वाजतं. कान देऊन बसलो होतो तिघंही. काही वाजलं नाही. गाडी एका दमात वर गेली.

आप्पांनी ती कडेला घेतली. मोबाईलकडं बघितलंच नाही. तिच्याकडं बघितलं.

“जमलं का गं? खरं सांग. न्हाई म्हनलीस, तर मी परत ह्याच्या नादी लागनार न्हाई.”

एक ‘नाही’ पुरलं असतं. राहुरीचा विषय मिटला असता. बाजूनं उसाचा ट्रॅक्टर घरघरत गेला.

“वरच्या वेगाला पेट्रोल जरा जास्त सोडतोय,” ती म्हणाली. “पण ते बरंच असतं, इंजिन तापत नाही. जमलं, आप्पा. छान जमलं.”

आप्पांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. दादा गेल्यापासून त्यांना इतकं खूश मी बघितलं नव्हतं.

घरी आल्या आल्या त्यांनी राहुरीला फोन लावला. “जय भीम, पाहुनं. व्हय, मीच भीमराज. या आता रविवारी. न्हाई, न्हाई, तिची ना कधीच नव्हती. गॅरेजपायी अडलं हुतं, ते आता मी बघतो.”

फोनवर हात ठेवून ते आत वळले. “रविवार चालंल ना, बाळा?”

वहिनी ओट्यापाशी उभी होती. “रविवारी नको, आप्पा. कानिफनाथ गाडी न्यायला येणारे. त्याला सगळं समजावून सांगावं लागेल.”

“त्याला मी समजावतो की,” आप्पा म्हणाले. “तू निवांत आवरून बस.”