न विकल्या गेलेल्या चढाईपटूचा डावा गुडघा

समस्त सोयरेधायरे, मित्रमंडळी आणि न विचारता सल्ला देणारे सर्व मान्यवर यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमचा भाचा चि. मन्मथ याचा डावा गुडघा कामातून गेल्याचे डॉक्टरांनी लातूर मुक्कामी आज जाहीर केले आहे. बाकी भाचा सुखरूप आहे.

ही घोषणा मी मनातल्या मनात केली. माझं कापडाचं दुकान आहे, पण जत्रेतल्या कबड्डीचं धावतं वर्णन करायला मलाच बोलावतात. त्यामुळे संकट आलं की डोक्यातला माइक आपोआप सुरू होतो. समोर डॉक्टर एमआरआयची फिल्म उजेडाच्या पाटीवर लावून उभे होते. एका बाजूला मन्मथ, दुसऱ्या बाजूला त्याची आई, म्हणजे माझी मोठी बहीण, सुमनअक्का.

"इथं एक काळी जाड दोरी दिसायला हवी होती," डॉक्टर म्हणाले. "ती दिसत नाही. एसीएल टेअर आहे."

एसीएल म्हणजे अँटेरिअर क्रूशिएट लिगामेंट. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारी दोरी. टेअर म्हणजे ती तुटली.

अक्काने विचारलं, "चालता येईल ना पण?"

"चालता येईल. पळताही येईल, सरळ रेषेत. वळता येणार नाही."

चढाईपटूचं सगळं आयुष्य वळण्यात असतं. समोरच्या सातजणांत शिरायचं, एखाद्याला शिवायचं आणि कोणी पाय धरायच्या आत वळून मध्यरेषा गाठायची. ज्याला वळता येत नाही तो चढाईपटू म्हणजे परत न येणारा पाहुणा.

मन्मथ जळकोटचा. मातीवर खेळून वाढला. व्यावसायिक कबड्डीच्या लिलावात त्या वर्षी त्याचं नाव होतं. आम्ही सगळे दाजींच्या किराणा दुकानात टीव्हीसमोर बसलो होतो. त्याच्यावर कोणीच बोली लावली नाही. दाजी, म्हणजे मन्मथचे वडील, एवढंच म्हणाले, "ठेवणीतला माल हाय आपला. गिऱ्हाईक उशिरा येतंय."

आणि गिऱ्हाईक आलं. एका संघाच्या प्रशिक्षकांनी त्याला नांदेडच्या स्पर्धेत पाहिलं होतं. त्यांचा फोन आला की सराव शिबिराला ये. करार नाही, खात्री नाही. शिबिरात टिकलास तर संघात, नाहीतर घरी. लिलावात न विकल्या गेलेल्या पोरासाठी एवढीच एक फट असते. जळकोटच्या चौकात मात्र दुसऱ्याच दिवशी 'संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असा फ्लेक्स लागला. त्यावर मन्मथ अंगठ्याएवढा होता आणि शुभेच्छुक टरबुजाएवढे.

शिबिराच्या तयारीसाठी तो नांदेडला मॅटवर खेळायला जायला लागला. मातीवर पाय घसरतो, ते बरं असतं. मॅटवर बूट चिकटून बसतो. एका चढाईत अंग वळलं, गुडघा अर्धा वळला आणि पाऊल जागचं हललंच नाही. आतून 'टक्' असा आवाज आला. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म फुगला.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगतो. आतून असा आवाज आला आणि काही तासांत सूज चढली, तर चोळायला बसू नका. हाडाच्या डॉक्टरकडे जा. आम्ही चोळत बसलो. सूज उतरली, पोरगा चालायला लागला आणि सगळ्यांनी जाहीर केलं की लचक होती, गेली. मग एके दिवशी एसटीतून उतरताना तोच गुडघा घडीच्या खुर्चीसारखा मिटला आणि मन्मथ स्टँडवर बसकण मारून खाली आला. तेव्हा कुठे आम्ही लातूर गाठलं.

एमआरआयच्या दारातही नाटक झालंच. आम्ही लिंगायत. मन्मथच्या गळ्यात चांदीच्या करंड्यात इष्टलिंग असतं, ते अंगावेगळं करत नाहीत. आणि त्या यंत्रापाशी धातू नेता येत नाही. अक्का दारात आडवी उभी राहिली. "मशीन बदला," म्हणाली, "लिंग निघणार न्हाई."

आतला तंत्रज्ञ शहाणा निघाला. "मावशी, आतला दगड चालतोय. भवतालची चांदी तेवढी काढा."

अक्काने करंडा उघडला, लिंग पांढऱ्या फडक्यात बांधलं आणि त्याच्या गळ्यात घातलं. कबड्डीत दांडग्या पोरांना फरफटत नेणारा तिचा लेक मान खाली घालून उभा होता आणि ती शाळेत पाठवताना घालावी तशी गाठ घालत होती. मी काहीतरी विनोद करणार होतो. त्याऐवजी अक्काच्या हातातला रिकामा करंडा धरला.

तर आता डॉक्टरांच्या खोलीत मन्मथने तोंड उघडलं. "सर, पट्टा बांधून शिबिर करतो. ऑपरेशन मागून करू."

डॉक्टर रागावले नाहीत. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. "गुडघ्यात दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. तुझ्या अजून शाबूत आहेत. असाच खेळलास तर गादी फाटेल. मग मी संघाचं बोलणार नाही, तुझ्या चाळिशीतल्या चालण्याचं बोलेन. आता दुरुस्त केलं तर पुढच्या मोसमात उभा राहशील. राहशीलच असं नाही. पण राहू शकशील."

बाहेर येऊन त्याने प्रशिक्षकांना फोन लावला. स्पीकर मीच दाबला, मला राहवत नाही. ते हरयाणाचे, मोजकं बोलणारे. हिंदीत म्हणाले की नाव काढावं लागेल, जागा दुसऱ्या मुलाला जाईल. ऑपरेशन करून घे. पुढच्या वर्षी नांदेडला चाचणी घेणार आहे, तिथे ये. वचन देत नाही.

मन्मथ "जी सर, जी सर" म्हणत राहिला. फोन ठेवला आणि मला म्हणाला, "मामा, चहा पिऊ." चहा तसाच थंड झाला.

ऑपरेशनला एसीएल रिकन्स्ट्रक्शन म्हणतात. मांडीच्या मागच्या स्नायूतून, म्हणजे हॅमस्ट्रिंगमधून, एक पट्टी काढायची आणि दुर्बिणीतून गुडघ्यात नवी दोरी म्हणून बसवायची. डॉक्टरांनी हे समजावल्यावर अक्काला फार बरं वाटलं. "म्हणजे घरचंच सामान वापरणार. भायेरचं काय न्हाई."

कंबरेखालचा भाग बधिर केला होता, मन्मथ जागा होता. फडक्यातलं लिंग भूल देणाऱ्या मॅडमनी स्वतःच त्याच्या उजव्या दंडाला बांधलं. बाहेर आम्ही तिघं. दाजी दर थोड्या वेळाने उठून पाणी पिऊन येत. अक्का भिंतीकडे बघत होती. मी एरवी दोन डावांच्या मधल्या विश्रांतीतसुद्धा बोलत असतो, त्या बाकड्यावर मात्र आत-बाहेर करणाऱ्या नर्सच्या चपला मोजत होतो.

ऑपरेशन उत्तम झालं. गडबड नंतर झाली.

अक्काने आयुष्यात बिछान्यावर पडलेलं तरणं माणूस एकाच कारणाने पाहिलं होतं. तिच्या हातून पाच-सहा बाळंतपणं झालेली. तिने तोच शिरस्ता लावला. मन्मथच्या कानाला रुमाल. सकाळी आळिवाची खीर, दुपारी डिंकाचे लाडू. वारा नको म्हणून खिडकी बंद. संध्याकाळी मीठमोहरीने दृष्ट काढायची, तीही नुसत्या डाव्या गुडघ्याची. सहा फुटांचा गडी बाजेवर रुमाल बांधून खीर खात बसलेला. मी दारातून ओवाळणी टाकून आलो.

इथवर हरकत नव्हती. पण रोज सकाळी बाजेखाली शेगडीही यायला लागली. शेक. गुडघा सुजू लागला. अक्काला वाटलं शेक कमी पडतोय, तिने निखारे वाढवले. शेवटी गुडघा इतका फुगला आणि तापला की मन्मथला पाय ठेवायला जागा सापडेना. आम्ही जीप करून लातूरला पळालो. वाटेत तो एकदाच बोलला, "मामा, नवी पण तुटली वाटतं."

डॉक्टरांनी दाबून पाहिलं, सुईने साचलेलं पाणी काढलं, ते तपासायला पाठवलं. इन्फेक्शन, म्हणजे आत जंतू शिरले असतील, तर पुन्हा उघडावं लागेल, म्हणाले. त्या अहवालाची वाट बघणं हे आमच्या सगळ्या आजारपणातलं सर्वांत लांबलचक काम.

जंतू नव्हते. डॉक्टरांनी विचारलं, "घरी काय करत होतात?"

अक्का पदर तोंडाशी धरून म्हणाली, "काय न्हाई. थोडा शेक."

"कशाचा?"

"शेगडीचा. बाजेखालून."

डॉक्टरांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मग वळून म्हणाले, "अक्का, ऑपरेशन झालंय. बाळंतपण नाही झालं. बर्फ लावा, बर्फ. लाडू चालू ठेवा."

म्हणून सांगतो, घरातल्या प्रेमळ माणसाला आधी डॉक्टरसमोर बसवा. प्रेमाला शेगडी आणि बर्फ यांतला फरक कळत नाही, तो सांगायला कोणीतरी लागतो. एकदा कळल्यावर मात्र अक्काने बर्फाची अशी व्यवस्था लावली की दाजींच्या दुकानातला फ्रिज थंड पेयांना मुकला.

मग सुरू झाली फिजिओथेरपी, म्हणजे व्यायामाने सांधा आणि स्नायू पुन्हा कामाला लावणं. ही नांदेडला, शबाना मॅडमकडे. ज्या मांडीने त्याने पोरं ओढली ती मनगटासारखी झाली होती. पहिला धडा काय, तर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. बस. मन्मथला ते जमेना. पायाला निरोपच पोचत नव्हता. तो भिंतीकडे तोंड करून रडला.

शबाना मॅडम म्हणाल्या, "रोना है तो रो बेटा, मगर टॉवेल दबा. दोनों काम साथ में होते."

त्याने दोन्ही केलं. पुढे पाय वाकला, मग जिना, मग एका पायावर उडी. अक्का दर वेळी सोबत. तिला आता अंश कळायला लागले. लग्नाच्या पंगतीत कोणी "मन्मथ कसाय?" विचारलं की ती म्हणे, "एकशेवीसपर्यंत वाकतोय." विचारणारा वरण मागून घेई.

गंमत अशी की लेकाचा एकही सामना तिने कधी पाहिला नव्हता. भीती वाटायची. मन्मथ खेळत असला की ती देवघरात. नांदेडच्या चाचणीला मात्र सकाळीच तयार होऊन जीपमध्ये बसली. "तुला काय कळतंय कबड्डीतलं?" मी म्हणालो. ती म्हणाली, "कबड्डी तू बघ. मी गुडघा बघते."

त्या वर्षीच्या लिलावातही त्याच्यावर बोली लागली नव्हती. म्हणजे ही चाचणी एवढंच दार.

निकाल आधीच सांगून टाकतो, ताणून धरायचा मोह मी इथे आवरतो. प्रशिक्षकांनी त्याला शिबिराला बोलावलं. करार नाही, खात्री नाही, मागच्यासारखंच. आत्ता मी लिहितोय तेव्हा तो तिथेच आहे. टिकेल की नाही ठाऊक नाही. डॉक्टर, शबाना मॅडम, तो तंत्रज्ञ, या सगळ्यांचे उपकार मी माइकवरून कितीही ओरडलो तरी फिटायचे नाहीत. आणि पूर्वी मी चढाईत गुण मोजायचो. आता माणूस वळला आणि उभा राहिला, एवढं बघितलं तरी माझे डोळे भरतात.

पण नांदेडच्या त्या हॉलमध्ये हजर असलेल्यांना मन्मथची चढाई आठवत नाही. त्यांना दुसरंच आठवतं.

त्याची पहिलीच चढाई. दम धरून तो आत शिरला, डाव्या कोपऱ्यात गेला. कोपऱ्यातला पोरगा वाटच बघत होता. त्याने झेप घेतली आणि मन्मथचा डावा पाय घोट्यापाशी दोन्ही हातांनी धरला. मन्मथ वळला. गुडघा वळला. प्रशिक्षक जागेवरून अर्धे उठले, हॉल एकदम चिडीचूप. आणि माझ्या शेजारून अक्का ताडकन उभी राहिली, पदर सावरला आणि त्या पकड करणाऱ्या पोराला ओरडून म्हणाली,

"ए लेकरा, उजवा धर की रं, उजवा! डावा नवा हाय त्याचा!"