दस्तगीरचाचांच्या फॉर्मवरची खूण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बरोबरच्या सिस्टरांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? — ठाऊक नाही. पण आता पोटात राहत नाही.

माझं काम असं — वृद्धाश्रमातलं एखादं माणूस आता बरं होणार नाही असं डॉक्टर म्हणाले, की मी जाऊन त्याला तपासायचं. दुखतं किती, जेवण जातं का, समज कितपत, शेवटचे दिवस कुठं काढायचेत. आमचं शुश्रूषा केंद्र सांगलीला. पण माणूस म्हणालं, मला इथंच राहू द्या, तर औषधं घेऊन आम्हीच तिथं जातो. समज नसेल तर मात्र नातेवाईक ठरवतात.

वडूजजवळच्या एका आश्रमात दस्तगीरचाचा होते. पोटाचा कॅन्सर. जन्मभर पत्र्याच्या पेट्या बनवल्या त्यांनी. त्या दिवशीचे ते माझे तिसरे पेशंट, ऊन मी म्हणत होतं, आणि — हो, मला घाई होती. फॉर्मवर मान घालूनच मी विचारत गेले. चाचा नुसते बघत राहिले. दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? ‘समज नाही’पुढं खूण केली आणि उठले. पुण्यातल्या पुतण्यानं फोनवरच सांगून टाकलं, सांगलीला न्या.

दोन दिवसांनी दुसऱ्या एका आजींसाठी तिथं गेले, तर चाचांच्या शेजारच्या खाटेवरच्या आबांनी अडवलं. फौजेतनं निवृत्त झालेले हवालदार. म्हणाले, “शिस्टर, त्यो बहिरा हाय, खुळा न्हाई. पत्रा ठोकून कान गेल्यात त्याचं. जरा तोंडाम्होरं बोला की!”

मी चाचांसमोर बसले. सावकाश विचारलं. त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं आणि लगेच म्हणाले, “मला हितंच ऱ्हाऊ द्या, बाई. आबासंगं. दुसरं काय न्हाई मागनं.”

सांगते डॉक्टरांना, म्हणाले मी. चाचा हसले.

आणि मी सांगितलं नाही. का? नव्या मुलींना माझे फॉर्म दाखवतात — असं भरायचं म्हणून. ‘मी नीट न विचारताच खूण केली’ असं म्हणायला जीभ रेटेना. उद्या सांगू, उद्या सांगू — तोवर गाडी दारात आली.

स्ट्रेचरवर घेताना चाचांनी मला विचारलं, “सांगितलं न्हाई का?”

“सांगितलं, चाचा. ऐकलं नाही त्यांनी.”

हे मी त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले. त्यांनी माझा हात थोपटला. “तू तरी काय करनार, पोरी.” आबा गाडीचं दार धरून उभे होते. ड्रायव्हरला त्यांचा हात सोडवावा लागला.

सांगलीत चाचांचं दुखणं आवरलं, सगळे प्रेमानं करत होते. शेजारी बिचारा एक अनोळखी माणूस. चाचा त्याच्याकडं पाठ करून पडून असत. नवव्या दिवशी गेले.

डॉक्टर भला माणूस आहे. सांगितलं असतं तर रागावले असते, आणि त्याच दिवशी चाचांना परत पाठवलं असतं. नऊ दिवस रोज सकाळी मी चाचांची नाडी बघत होते, आणि गप्प होते.