फडक्याखालचा भाव

लिलाव मी तिसऱ्यांदा पुकारला तरी कोणी तोंड उघडेना. समोर आंबेमोहर भाताची पोती, पोत्यांमागे औंढे गावचे शेतकरी आणि पुढे तीन व्यापारी. एक पुण्याचा, एक मुंबईचा, एक लोणावळ्यातला गिरणीवाला. पुण्याचा व्यापारी पहिला भाव बोलला होता आणि तो इतका कमी होता, की मला वाटलं, गडी थट्टा करतोय.

"पुढं कोण?" मी ओरडलो.

मुंबईवाला जांभई देत आभाळाकडे पाहत होता. गिरणीवाला चपलेतला खडा काढत होता. शेवटी त्याच भावात माल गेला. गेल्या वर्षीच्या भावापेक्षाही खाली. मी पार हादरून गेलो.

मी तेव्हा शेतमालाच्या खात्यात मार्केटिंग इन्स्पेक्टर होतो. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. नोकरी नवीन, अर्थशास्त्राची डिग्री ताजी आणि डोकं गरम. शेतकऱ्याचा माल बाजारात कसा विकला जातो, मधे कोण किती खातं आणि ते थांबवायचं कसं, हे शोधणं माझं काम. लोणावळ्याच्या मालधक्क्याजवळची भाताची पेठ माझ्याकडे होती.

या पेठेत पूर्वी भाव फडक्याखाली ठरायचा. अडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल, पोत्यापाशी उभा राहून हातावर एक फडकं टाकायचा. एकेक व्यापारी येऊन त्याखाली हात घालायचा आणि अडत्याची बोटं दाबून आपला भाव सांगायचा. अमकी बोटं म्हणजे इतके रुपये, तमकी म्हणजे इतके आणे. तोंडानं मात्र दोघं हवापाण्याच्या गप्पा मारत असायचे. सगळ्यांचे हात झाले की अडत्या शेतकऱ्याला सांगायचा, माल अमक्याला गेला, अमक्या भावानं. मालाचा मालक शेजारीच उभा असायचा, पण त्याला फडक्याशिवाय काही दिसायचं नाही.

ही चोरटी पद्धत बंद करून उघड लिलाव करा, असा हुकूम आमच्या पुण्याच्या ऑफिसातून आला. मला तो मनापासून पटला. सगळ्यांसमोर बोली लागली की व्यापाऱ्यांत कॉम्पिटिशन होणार आणि भाव चढणार. यात न समजण्यासारखं काय आहे?

औंढ्याच्या चावडीत जाऊन मी हे सांगितलं तेव्हा सगळे एकाच माणसाकडे बघू लागले. शेवटी गेणूभाऊ उठले. भरल्या अंगाचा, पन्नाशीतला माणूस, गावात शब्दाला वजन.

"सायेब आपल्या भल्याचंच सांगत्यात. औंदा समद्या गावाचा माल उगड्या लिलावात जाईल. माझा शब्द," ते म्हणाले. गाव आलं ते माझ्यासाठी नव्हे, गेणूभाऊंच्या शब्दासाठी.

आणि आता तेच गाव पोत्यांमागून गेणूभाऊंकडे बघत होतं. एकानं तर विचारलंच, "भाऊ, सरकारकडनं तुमाला काय मिळालं वो?"

गेणूभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. ते माझ्यापाशी आले. "सायेब, निम्मा माल अजून घरी हाय. फुडच्या बाजारी आसंच झालं, तर मला गावात तोंड दावाया जागा न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला साहेबांपुढे उभा. साहेब हुशार, पण बाजारात कधी पाय न ठेवलेले.

"सुगी आहे. माल जास्त आला असेल," ते म्हणाले.

"नाही साहेब. पुण्यात भाव स्थिर आहे. शेजारच्या कामशेतच्या पेठेत अजून फडकं चालतं, तिथं तर आपल्यापेक्षा जास्त मिळतोय."

"फडक्याखाली जास्त?"

"हो साहेब."

"अशक्य. तुमच्या पाहण्यात चूक आहे." मग त्यांनी चहा मागवला. एकच कप.

चरफडत परत आलो आणि थेट गिरणीवाल्याला गाठलं. गिरणी बंद होती. कांडायला भातच नव्हतं. आणि हा गृहस्थ भर लिलावात चपलेतला खडा काढत होता! माझं डोकं सणकलं.

"माल हवाय ना तुम्हाला? मग तोंड का शिवलं होतं?"

त्यानं आधी दार लोटलं. "इन्स्पेक्टरसाहेब, आमचं तिघांचं ठरलेलं असतं. अमक्या भावाच्या वर जायचं नाही, माल पाळीपाळीनं वाटून घ्यायचा. या बाजारी पाळी पुण्यावाल्याची होती."

"हे आताच ठरलं?"

"छे. पहिल्यापासून. पण फडक्याखाली मी ते मोडायचो. बोटं दाबली, कुणाला काय दिसतंय? माल मला आला की म्हणायचं, अडत्याची मर्जी. ते दोघंही तेच करत असणार. आता तुम्ही सगळ्यांसमोर बोलायला लावता. मी आणा चढवला की दोघं माझ्याकडे वळून बघणार. मुंबईत माझा तांदूळ तो मुंबईवालाच उतरवून घेतो. उद्या तो घेईल का?"

व्यापाऱ्यांचा कट जुनाच होता. तो फडक्याखाली गुपचूप मोडत होता, म्हणून शेतकऱ्याला बरा भाव मिळत होता. आम्ही फडकं काढलं आणि तिघांना एकमेकांवर नजर ठेवायची सोय करून दिली. चढाओढ करणाऱ्याला कोणाची भीती असते का, हे माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं. मला स्वतःचा आणि ऑफिसचा, दोघांचाही भयंकर राग आला.

गेणूभाऊंना हे सांगितलं, तर ते पटकन म्हणाले, "मग ते फडकं माघारी आना."

"आणू. पण त्याखाली अडत्याचा हात नको. तुमचा हात हवा. बोली गुप्त राहील आणि तुम्हालाही कळेल."

औंढ्याचा अडत्या होता हरिशेठ. गावाशी दोन पिढ्यांचा घरोबा. बाजाराला आलेले औंढेकर त्याच्या पडवीत झोपायचे, त्याच्या घरचं जेवायचे. लग्नकार्याला तो गाडी करून गावात यायचा. फडक्याखाली मालकानं स्वतः हात घालायचा नाही, असा काही कायदा नव्हता. पण कोणी घातला नव्हता. तसं करणं म्हणजे घरच्या माणसावर अविश्वास, त्याच्या पंगतीला बसून त्याचंच ताट तपासणं.

"शेटला काय वाटंल?" गेणूभाऊंनी विचारलं.

"आणि गावाला काय वाटेल?" मी म्हणालो. हे जरा लागट बोललो, पण बोललो. ते कसेबसे तयार झाले. बोटांची खूण त्यांना मी शिकवली. साहेबांना मात्र ट्रायल घेतोय एवढंच कळवलं. कसली, ते त्यांनी विचारलं नाही.

बाजाराच्या दिवशी सगळं औंढे जमलं होतं. हरिशेठ तराजूपाशी उभा होता. "घाला की हात, भाऊ. आपल्यात काय परकेपणा आहे?" तो हसून म्हणाला. तोंड हसत होतं, पण पानाचं चघळणं थांबलं होतं.

गेणूभाऊंनी फडक्याखाली हात धरला. पहिला पुण्याचा व्यापारी आला. गेणूभाऊंच्या भुवया वर गेल्या. हा भाव लिलावातल्यापेक्षा खूपच वर असणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मग मुंबईवाला. त्याच्या वेळी त्या आणखी वर गेल्या. शेवटी गिरणीवाला आला, आणि गेणूभाऊंनी विंचू चावल्यासारखा हात बाहेर ओढला.

"बोटं चुकली तुमची. परत सांगा."

गिरणीवाल्यानं परत बोटं दाबली. तीच.

गेणूभाऊंनी त्याच्या कानाशी तोंड नेलं. मी शेजारीच होतो, म्हणून मला ऐकू आलं. "औंदा येवडा चढला व्हय भाव?"

"चढला कुठं?" गिरणीवाला पुटपुटला. "गेल्या सालीही एवढाच दिला. हरिशेठच्या हातात."

मला क्षणभर अर्थच लागेना. मग लागला. गेल्या वर्षी हरिशेठनं गेणूभाऊंना सांगितलेला भाव यापेक्षा बराच कमी होता. व्यापारी पैसे अडत्याकडे भरायचा आणि अडत्या शेतकऱ्याला द्यायचा. मधला फरक फडक्याखालीच राहायचा. अडत, म्हणजे त्याची ठरलेली दलाली, वेगळी; हे वेगळं. अडते भाव चोरतात हे मी रिपोर्टात लिहिलं होतं, पण तो चोर समोर उभा राहून आपल्याकडेच बघतोय, हे पाहण्याची माझी तयारी नव्हती.

"माल गिरणीला," गेणूभाऊ मोठ्यानं म्हणाले. भाव बोलले नाहीत. मग ते सावकाश तराजूपाशी गेले. मला वाटलं, आता हात उचलतात.

"शेट, किती वरसं?"

हरिशेठनं तराजूच्या साखळ्या सरळ केल्या. "अहो, धंदा आहे. खर्च असतो. इकडंतिकडं होतं थोडं."

"माझ्या बापाच्या टायमालाबी?"

हरिशेठनं साखळ्या सोडून दिल्या. मग म्हणाला, "तेव्हा गादीवर आमचे वडील बसायचे."

गेणूभाऊंनी मान हलवली. कोणी भाजीचा भाव सांगितल्यावर हलवावी तशी.

त्या दिवशी औंढ्याच्या प्रत्येकानं फडक्याखाली स्वतःचा हात घातला आणि प्रत्येकाचा माल चांगल्या भावानं गेला. लोक गेणूभाऊंच्या पाठीवर थापा मारत होते. पुढे ही पद्धत पेठेत रुजली. साहेबांनी तिला 'सुधारित लिलाव' असं नाव देऊन वर रिपोर्ट पाठवला. मला शाबासकीचं पत्र आलं. कामशेतचं फडकं मात्र हुकुमाप्रमाणे बंद झालं, आणि तिथला भाव पडला; तो का, हे कोणी विचारायला गेलं नाही.

बाजार उठल्यावर औंढेकर नेहमीप्रमाणे जेवायला हरिशेठच्या पडवीकडे वळले आणि मधेच थांबले. आता जावं की नाही, कोणाला कळेना. सगळे गेणूभाऊंकडे बघू लागले. ते रिकाम्या पोत्यांवर बसले होते आणि रडत होते. मोठ्यानं, लहान मुलासारखे. जन्मात मिळाला नव्हता असा भाव त्यांच्या कनवटीला होता.

बाजारातला खरा भाव कळला की शेतकऱ्याचं हित होतं, असं आमच्या खात्याच्या पत्रकात छापलेलं असे. ते बरोबरच आहे. फक्त तो कळतो त्या दिवशी जवळ कोणीतरी बसायला हवं, एवढं त्यात घालायचं राहिलं होतं.