तम्मण्णांची रेलून चालवायची सायकल

वडगावच्या विणकर गल्लीत तम्मण्णांइतका हौशी माणूस दुसरा नाही, आणि इतका हट्टीही नाही. चाळीस वर्षं मागावर पाय मारून मणक्यानं हात टेकले, ताठ बसणं बंद झालं, आणि दोन वर्षं त्यांनी घरात पडून नुसतं आढं बघितलं. शेवटी पुण्यातल्या थोरल्या लेकानं, रविराजनं, एक तीनचाकी सायकल पाठवून दिली. आरामखुर्चीत रेलावं तसं रेलायचं, पाय पुढं लांब करायचे आणि पायडल मारायचं.

बायाक्कांनी ती बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला. "असलं पडून गावातनं फिरणार? लोक दात काढतील की!"

"काढू देत. त्यांचेच हायत."

नवराबायकोचं भांडण तीन दिवस चाललं. अखेर बायाक्कांनी अट घातली. पिरनवाडीकडच्या बोटॅनिकल बागेपर्यंत एकट्यानं जाऊन यायचं, आणि वाटेत एक जरी माणूस हसला तर सायकल भंगारात. तम्मण्णांनी शब्द दिला.

एप्रिलातल्या सकाळी सायकलीची पूजा झाली. नवी गाडी म्हटल्यावर नारळ, लिंबं, कुंकू, झेंडूचा हार हे आलंच. लिंबं चाकाखाली गेली, पण हार अडला. हिचं हँडल सीटच्या खाली, मांडीच्या बाजूला. घालायचा कुठं? बायाक्कांनी तो चालवणाऱ्याच्याच गळ्यात घातला आणि उरलेलं कुंकू त्याच्या कपाळाला फासलं. धुवट धोतर, पांढरी टोपी, गळ्यात हार! तम्मण्णा नवरदेवाच्या थाटात निघाले.

आणि काय सांगावं, रस्त्यानं नुसता मान! चहाच्या गाड्यावरची माणसं उठून उभी राहिली. एकानं टोपी काढली. बायकांनी डोईवर पदर घेतला. बापालाही वाट न देणाऱ्या रिक्षावाल्यानं रिक्षा कडेला घेतली. उतार होता, पाय मारायची गरज नव्हती, उन्हानं डोळे मिटत होते. जगाला अजून विणकराची कदर आहे, म्हणून तम्मण्णांचा ऊर भरून आला.

उसाच्या रसाच्या गाड्यापाशी ते थांबले. रसवाला हात जोडूनच उभा होता.

"एक गल्लास दे रं. बरफ घालू नको."

रसवाला ओरडून चार पावलं मागं सरला. "आजोबा, तुमी जित्ते हायसा?"

"मग काय मेल्यावर रस पितोय व्हय?"

"तसं न्हवं. हार, कुंकू, बसवून नेल्यावानी... आमाला वाटलं मयत चाललंय."

आमच्या भागात बऱ्याच घरांत मयत बसवून, हार घालूनच नेतात, त्यामुळं रसवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. तम्मण्णांना मात्र लई राग आला. इतका वेळ मिळालेला मान मेल्याचा होता! हार ओढून काढून त्यांनी मांडीवर टाकला. रस तेवढा पिऊन घेतला.

बागेत बहावा फुलला होता. पायी फिरणारे लोक मानेला कळ लागेपर्यंत वर बघत होते, तम्मण्णांना मान वर करायचीच गरज नव्हती. साडीच्या काठाला असा पिवळा यावा म्हणून त्यांनी उभा जन्म रंगवाल्यांशी भांडणं केली होती, आणि तो सुतात कधी उतरला नव्हता. दोन वर्षांनी त्यांना आढ्याऐवजी आभाळ दिसत होतं. राग कुठल्या कुठं पळाला. ते सुखात होते, फार सुखात.

दुपारी परतले तर गल्ली गप्प. कुणी गेलं की सगळे माग बंद ठेवायचे, हा गल्लीचा रिवाज. कोण गेलं असेल, असा विचार करत ते आपल्या दाराशी आले, तर दारात ही चपलांची रास आणि आत बायकांनी गळा काढलेला. कुणीतरी ओळखीच्यानं सकाळी रस्त्यावरून घरी फोन केला होता, की तम्मण्णा वाटेतच गेले.

"कोण गेलं गं?" तम्मण्णांनी बाहेरून विचारलं.

आतलं रडणं एकदम तुटलं. बायाक्का धावत आल्या. सायकलीवर ऐसपैस पसरलेल्या नवऱ्याला त्यांनी नखशिखान्त बघितलं, आणि पदर तोंडात कोंबला तरी त्यांचं हसू आवरेना. चौकटीला धरून, दम लागेपर्यंत हसल्या.

तम्मण्णांचा चेहरा पडला. माणूस शब्दाचा पक्का. "दिवसभरात कुणीबी हसलं न्हाय बघ," ते म्हणाले. "पयली तूच. बोलव भंगारवाल्याला."

"माझं हसणं धरायचं न्हाय," बायाक्का डोळे पुसत म्हणाल्या. "मी आधी रडून घेतलंया."